'प्रत्यक्ष काम'चा रकाना

मुलुंड पूर्व
४ ऑगस्ट २०२५

वनूताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे ते आधी कळव. फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत, म्हणून लिहूनच पाठवतो. पाकीट शीतलबरोबर देतो आहे. मजकूर तिच्याविषयीच आहे, म्हणून डिंक जरा जास्त लावला आहे.

तू सांगितलंस म्हणून तुझ्या शेजारच्या रतन-जयाच्या या मुलीचं नाव मी जूनमध्ये 'कमवा आणि शिका'त घातलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी दोन ते पाच काम, त्यातून तिची फी सुटते. मुलगी चांगली आहे. पुस्तकं जागेवर लावते, फाटकी पानं चिकटवते. मीही तिला पुष्कळ सांगत असतो. मी बारावी बाहेरून दिली, इंग्रजी जुन्या सूचीपत्रांवरून शिकलो, कॉम्प्युटर दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या ग्रंथालयात एकटा बसून शिकलो. या पोरांना हे कळायला हवं. ती शांतपणे ऐकते, आणि ही गोष्ट हल्ली दुर्मिळ आहे.

अडचण टाइमशीटची आहे. दर शनिवारी विद्यार्थ्याने आपल्या हाताने ते भरायचं आणि खाली मी सही करायची. आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि तिसरा रकाना 'प्रत्यक्ष काम'. हा तिसरा रकाना माझा. छापील नमुन्यात तो नव्हता. गेल्या वर्षी धवल नावाचा एक मुलगा आल्याची सही करून कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचा, तेव्हा मी पट्टी घेऊन तो आखला. पहिल्या दिवशी सगळ्यांना बजावतो : काम केलं तेवढंच लिहा, चहा, फोन, गप्पा वजा.

आता शीतल काय लिहिते? आली दोन, गेली पाच, प्रत्यक्ष काम दीड तास. दुसऱ्या दिवशी पावणेदोन. अगं, मी समोर बसलेला असतो! ती कुठे जात नाही. फोन पिशवीत, चहा पीत नाही. तास वाढवून लिहिणारी पोरं मी आजवर पुष्कळ पकडली. कमी लिहिणारं माणूस पहिल्यांदाच बघतो आहे. विचारलं तर म्हणते, "बरोबर आहे सर."

महिन्याला ठरलेले तास भरावे लागतात. सलग दोन महिने कमी पडले की नाव कटतं आणि पुढच्या सत्राची फी घरून भरावी लागते. रतनच्याने ते होणार नाही हे तूच मला म्हणाली होतीस. जुलै तिचा कमी भरला. ऑगस्टही तसाच गेला तर कॉलेज संपलं. दुसऱ्याच्या हातचा आकडा मी बदलत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा तू बघ काही.

जयवंत


विक्रोळी, कन्नमवार नगर
६ ऑगस्ट

जयवंता,

गुडघा आहे तिथेच आहे. डिंक इतका फासलास की पत्राची कड पाकिटाला राहिली. शीतल वाचून होईपर्यंत दारात उभी. "सरांनी काय लिहिलंय मावशी?" म्हटलं, माझ्या गुडघ्याची चौकशी. म्हणाली, "दोन पानं?"

मेल्या, पोरीला हिशेब जमत नसेल, एवढं सोपं तुला सुचू नये? दोन ते पाच म्हणजे किती, हे घड्याळ बघून सगळ्यांना सांगता येतं असं नाही. आणि तसं नसेल तर भीड. त्या घरात फुकटचं काही घ्यायचं नाही ही शिस्त आहे. मी वाटीभर साखर आणली तर जया वाटी परत देताना त्यात लिंबू घालून देते. पोरीला वाटत असेल, दहा पुस्तकं लावली त्याचे तीन तास कसे लिहू?

तू तिला प्रेमाने सांग. प्रेमाने म्हणजे तुझ्या पद्धतीने नाही, साध्या.

ती शिकते तरी काय? विषय कुठला? मी विचारायचं राहून जातं.

वनू


मुलुंड पूर्व
१२ ऑगस्ट

वनूताई,

तुझे दोन्ही तर्क तपासले. दोन्ही बाद.

हिशेब : तिला वेगवेगळ्या वेळांच्या दहा बेरजा घातल्या. दहाही बरोबर. वर म्हणाली, "सर, सातव्या बेरजेत तुम्ही पाच मिनिटं कमी धरलीत." परत केली. तिचं बरोबर होतं.

भीड : काल सोमवारी तिला मुद्दाम बसवून घेतलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे प्रेमाने. आपल्या अण्णांची गिरणी बंद पडली तिथपासून सुरुवात केली, म्हणजे तिला धीर यावा. मी अकरावी सोडून पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कसा लागलो, तिथून इथे शिपाई म्हणून कसा आलो, शिपायाचा ग्रंथालय सहाय्यक कसा झालो, एकही टप्पा न गाळता सांगितलं. तिने मान हलवली, "हो सर" म्हणाली, आणि आठवड्याच्या शेवटपर्यंत थांबवेना म्हणून मी आजच तिला सोमवारचा आकडा विचारला. एक तास! ज्या दिवशी मी तिच्यासाठी एवढा वेळ काढला, त्याच दिवशी सगळ्यात कमी.

आता मला वेगळाच वास येतो आहे. तिला नाव कापूनच घ्यायचं असेल तर? तोंडाने सोडते म्हणता येत नाही, म्हणून तास कमी दाखवून बाहेर पडायचं. घरात लग्नाचं चाललं आहे का? नाहीतर आणखी काही? जयाला आडून विचार. आडून म्हणजे खरंच आडून.

तिचा विषय विचारला नाही. कॉलेजच्या नोंदीत असेल.

जयवंत


विक्रोळी
१८ ऑगस्ट

जयवंता,

वाट लागली. आणि ती तू आणि मी मिळून लावली.

मी जयाला जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, की शीतलचे तास टाइमशीटमध्ये कमी दिसतात असं जयवंत लिहितो, घरी काही चाललंय का गं? जयाने ते रात्री जेवताना रतनला सांगितलं. रतन हात धुऊन उठला. सरळ पोरीला विचारलं, "तीन तासांतले दीड तास तू कुठे असतेस?" ती गप्प. "कोणाबरोबर असतेस?" गप्प. गप्प बसली म्हणजे खरं, असं त्याने धरलं. घाटकोपरच्या मॉलमध्ये त्याच्या ओळखीचा एक जण कपड्यांच्या दुकानात आहे. एक तारखेपासून तिथे उभी राहा, म्हणाला, कॉलेज बास झालं. भिंतीपलीकडून मला, यंत्र काढलेलं असताना, ऐकू आलं. यावरून काय ते समज.

सकाळी पोर माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. म्हटलं, शीतल, सांग ना गं, कुठे जातात ते तास? म्हणाली, "मावशी, मी कुठेच जात नाही. पण ते मला सांगता येणार नाही."

आता तूच निस्तर.

वनू


मुलुंड पूर्व
१९ ऑगस्ट

वनूताई,

मी 'आडून' हा शब्द लिहिला होता. तीनदा.

ती कुठे फिरते असं मी कुठल्याही ओळीत म्हटलेलं नाही. सोबत रतनच्या नावाने वेगळा कागद जोडला आहे : 'आपली मुलगी रोज दोन ते पाच माझ्या समोर असते. शौचालयात जाण्याखेरीज ती ग्रंथालयाबाहेर पाऊल टाकत नाही. याची जबाबदारी माझी.' खाली सही आहे, कॉलेजचा शिक्का मात्र नाही. शिक्का खाजगी कामाला वापरता येत नाही. त्याला विश्वास नसेल तर त्याने यावं आणि दारात खुर्ची टाकून बसावं.

पण ताई, मग ते तास जातात कुठे? ती माझ्या समोर असते, हात चालू असतात, मधून थांबलेले असतात एवढंच. काल रात्री अंथरुणात पडून दोन ते पाच पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. ती आहे, मी आहे, पुस्तकं आहेत. चौथं काहीच नाही.

जयवंत


विक्रोळी
२४ ऑगस्ट

जयवंता,

तुझा कागद रतनने दोनदा वाचला. 'शौचालयात जाण्याखेरीज' हे वाचून हसला. म्हणाला, "एवढं लिहिणारा माणूस खोटं नाही लिहिणार." मॉलचं तूर्त थांबलं. पण त्याने पोरीला सांगून ठेवलंय, नाव कटलं तर मग माझा नाइलाज. ते खरंही आहे. त्याच्याकडे फीला काही नाही.

गणपती तोंडावर आले म्हणून काल शीतल मला खोबरं खवून द्यायला आली होती. मला विळीवर बसता येत नाही. दोन नारळ होईपर्यंत मी काही विचारलं नाही. तिसऱ्याला तिने आपणच सांगितलं, तास कुठे जातात ते. आधी मला इतकं हसू आलं की यंत्र खाली पडलं. मग तिच्याकडे बघितलं आणि हसू गेलं.

तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. तिच्या बाजूने खोटं काही नाही. चोरी नाही, लग्न नाही, मुलगा नाही. तू फक्त आकडे नीट करून टाक.

आणि तू ते करणार नाहीस हे मला माहीत आहे. तर मग एक कर. उद्यापासून, आणि गणपतीची सुट्टी संपली की पुढेही, तिच्याशी कामापुरतं बोल. हे पुस्तक तिथे ठेव, ते इथे आण. त्यावर एक अक्षर नाही. का, ते विचारू नकोस. आणि मग टाइमशीट बघ.

वनू


मुलुंड पूर्व
८ सप्टेंबर

वनूताई,

मोदक पोचले. दोन फुटले होते, बाकीचे बरोबर.

तू सांगितलंस ते अक्षरशः पाळलं. सोपं नव्हतं. मंगळवारी तिने जुन्या मासिकांचा गठ्ठा सोडला. त्यातल्या एका अंकाची बांधणी मी स्वतः केलेली, आणि ती कशी, हे कोणालाही ऐकण्यासारखं आहे. मी उठून पाणी प्यालो. ग्रंथपाल शौनक सर केबिनमधून बाहेर येऊन विचारतात, "जयवंतराव, बरं नाही का?" शौनक सर माझ्या पुतण्याच्या वयाचे आहेत, पण लक्ष असतं त्यांचं.

आणि निकाल! शनिवारी सुट्टी होती म्हणून आज तिने टाइमशीट भरलं. सगळे दिवस पूर्ण तीन तास. एके दिवशी पाच मिनिटं कमी, तिला आईचा फोन आला होता.

मला कारण उमगलं आहे. शिस्त. मी तिच्याशी फार मोकळेपणाने वागत होतो, त्यामुळे तिचं कामातलं लक्ष उडत होतं. जरा तुटक राहिलो तर बघ, एकदम सुधारली. ही गोष्ट लाजेने तुला सांगितली असेल. आता यापुढे सगळ्यांशीच असं वागावं म्हणतो.

तरी एक खटकतं. ऑगस्ट कमीच भरला. बारा तारखेला टाइमशीटं कार्यालयात जातात. त्याआधी काही झालं नाही तर नाव कटणार, मग सुधारून उपयोग काय? आणि हातांचा वेग तर तेव्हाही हाच होता. मग तेव्हा कमी आणि आता पूर्ण, हे मला अजूनही जुळत नाही.

जयवंत


विक्रोळी
९ सप्टेंबर

जयवंता,

शपथ मोडते. देव मला क्षमा करील, शीतल करते की नाही बघू.

अरे, ते तास तुझ्या तोंडात गेले.

चहा, फोन, गप्पा वजा, असं पहिल्या दिवशी कोण म्हणालं? तू. ती पोर तुझं वाक्य अक्षर न अक्षर पाळते आहे. तू बोलायला लागलास की ती घड्याळ बघते, तू थांबलास की परत बघते, आणि मधलं वजा करते. तू आपलं आयुष्य सांगत असताना ती हातातलं पुस्तक ठेवून उभी राहते, कारण चालू ठेवलं तर तू म्हणतोस, "इकडे लक्ष दे." अण्णांची गिरणी बंद पडली त्या दिवशी दोन तास गेले. हे ती तुझ्या तोंडावर कसं सांगणार? बापाने विचारलं तेव्हाही गप्प बसली, कारण बाप ताबडतोब मुलुंडला आला असता आणि चारचौघांत तुला बोलला असता. तुझी अब्रू राखायला ती मॉलमध्ये उभी राहायला निघाली होती.

मला राग नाही आला तुझा. लहानपणी दळणाच्या रांगेतही तू असाच बोलायचास, मी डबा घेऊन पुढे सरकायची. पण मला सरकता येत होतं.

बारा तारीख जवळ आहे.

वनू


मुलुंड पूर्व
१० सप्टेंबर

ताई,

पत्र तीनदा वाचलं.

यात मूळ समजच चुकीची आहे. त्या गप्पा नव्हत्या. ते प्रशिक्षण होतं. ग्रंथ कसा बांधतात, सूची कशी वाचतात, हे शिकवणं कामातच येतं. मी तिच्या टाइमशीटवर 'वजा केलेला वेळ प्रशिक्षणाचा धरावा' असा शेरा मारून सही करतो. नियमात बसतं. विषय संपला. शीतलला आज तसं लिहून दिलं आहे, बोललो नाही.

जयवंत


विक्रोळी
११ सप्टेंबर

आदरणीय सर,

तुम्ही चिठ्ठी दिलीत म्हणून मीही लिहिते. समोर बोलायला गेले असते तर माझं राहिलं असतं.

मावशींनी सांगायला नको होतं. तुम्हाला वाईट वाटावं असं मला कधीच वाटलं नाही.

पण 'प्रशिक्षण' असं लिहू नका सर. ते मी कामात धरलेलं आहे. तुम्ही डिंक कसा पातळ करायचा ते दाखवलंत तो वेळ धरला, क्रमांक कसे लावायचे तो धरला, जुनं सूचीपत्र कसं वाचायचं तो पण धरला. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितलीत तेव्हा वजा केली. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर शिकलात ती पहिल्यांदा ऐकताना कामाची वाटली, म्हणून धरली. नंतरच्या चार वेळा नाही धरल्या. तेच ऐकणं परत प्रशिक्षण म्हणून लिहिलं तर एकच शिकवण दोनदा धरली जाईल, आणि जास्त तास लिहिणाऱ्या मुलाला तुम्ही काढलं होतंत.

नाव कटलं तरी चालेल. पप्पांना मी समजावेन.

आपली,
शीतल


मुलुंड पूर्व
२२ सप्टेंबर

वनूताई,

बरेच दिवस लिहिलं नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं.

शीतलची चिठ्ठी वाचून पहिल्यांदा राग आला. चार वेळा! मग बोटं मोजली. पहिली सोडून पाच वेळा झाली असावी, एकदा तिच्या लक्षात आलेलं नाही. तिचा युक्तिवाद मोडायला मी एक अख्खी संध्याकाळ घातली. मोडला नाही. प्रशिक्षण तिने धरलेलं, काम तिने धरलेलं, तेव्हा जो वेळ उरतो त्याला नाव काय द्यायचं? मी जे जे नाव दिलं असतं ते तिथे बसत नव्हतं. शेवटी बारा तारखेला दुपारी, कार्यालय बंद व्हायच्या आधी, तिच्या ऑगस्टच्या टाइमशीटवर शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'वजा केलेल्या वेळात कर्मचारी कामासाठी तयार व हजर होती. पर्यवेक्षकाने तिला थांबवून ठेवले होते. पर्यवेक्षक स्वतःविषयी बोलत होता. हा वेळ तिच्या नावे धरावा.' आणि पर्यवेक्षक म्हणून खाली सही केली. जुलैलाही तसंच लिहिलं.

कार्यालयातल्या माणिकबाईंनी तो शेरा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. "जयवंतराव, हे असंच पाठवू?" म्हटलं, असंच. त्यांनी शेजारच्या टेबलावर दाखवला. संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये पोचला होता. दुसऱ्या दिवशी एक प्राध्यापक मला म्हणाले, "बोला जयवंतराव, आम्हाला पण तास मिळतील ना?" झकास हसले सगळे. मी पण हसलो असेन, मला नक्की आठवत नाही.

तिचे दोन्ही महिने धरले गेले. नाव यादीत आहे. रतनला सांग.

मुलांच्या टाइमशीटचं काम शौनक सरांनी माझ्याकडून काढून घेतलं. चांगल्या शब्दांत, केबिनचं दार लावून. "तुमच्यावर जास्त भार नको." आता सही तेच करतात, आणि नव्या नमुन्यात 'प्रत्यक्ष काम' हा रकाना नाही. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बास. मला ते बरोबर वाटत नाही. कॅन्टीनमध्ये बसणाऱ्याचं काय करणार, असं त्यांना विचारणार होतो. नाही विचारलं.

शीतल माझ्याच विभागात आहे. मी कामापुरतं बोलतो. दुपारी तिथे इतकं शांत असतं की पंख्याचा खडखडाट ऐकू येतो. मी त्यात तेल घातलं.

आज पाच वाजता तिने सही केली, पिशवी घेतली आणि दारापर्यंत जाऊन परत आली. समोरची खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, आता म्हणेल, सर, तुमचं ते पुढचं राहिलं. खोटं कशाला सांगू, मला तसं वाटलं आणि बरंही वाटलं. गिरणीनंतरचं कुठून सुरू करावं हेही मनात ठरलं.

ती म्हणाली, "सर, पाच वाजून गेलेत. आता मी तुम्हाला काही सांगू?"

म्हटलं, सांग.

ताई, तिचा विषय भूगोल आहे. जूनपासून ती माझ्या समोर होती आणि मला ते माहीत नव्हतं. दर रविवारी सकाळी ती भूगोलाच्या बाईंच्या गटाबरोबर विक्रोळीच्या खाडीत कांदळवन बघायला जाते. कुठली झाडं वाढली, कुठली मेली, भरतीचं पाणी कुठवर येतं. घरी सांगते, मैत्रिणीकडे अभ्यासाला. चिखल मांडीपर्यंत येतो म्हणून जुनी सलवार वेगळी ठेवलेली असते, ती तुझ्याच गच्चीवर वाळत असते म्हणे. काही झाडांची मुळं खालून वर येतात, बोटांसारखी, श्वास घ्यायला. हे सांगताना ती हात हलवते. मी तिला हात हलवताना आधी बघितलं नव्हतं.

खाडीविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. अण्णा मला तिथे न्यायचे, तुलाही माहीत आहे. मी तोंड उघडलं. ती लगेच थांबली, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली, तशीच, दोन ते पाच मध्ये बघायची तशी.

मी तोंड मिटलं.

मग म्हटलं, "आणि भरती आली की त्या मुळांचं काय होतं?"

जयवंत